वित्त आयोगाचा निधी गावापर्यंत येतो कसा

तुमच्या ग्रामपंचायतीला यंदा किती पैसे द्यायचे, हे दिल्लीत दरवर्षी बसून कुणी ठरवत नाही. ती रक्कम काढण्याचे सूत्र पाच वर्षांसाठी एकदाच ठरते आणि त्यात तुमच्या गावाचे नावही नसते. वर्षागणिक ठरते ती दुसरीच गोष्ट: सूत्राने निघालेला वाटा घ्यायला यंदा कोण पात्र आहे आणि कोण नाही. हा फरक एकदा कळला की ‘निधी आला नाही’ या तक्रारीचे उत्तर कुठे शोधायचे तेही कळते. बहुतेक वेळा ते दिल्लीत नसते, तालुक्यात किंवा ग्रामपंचायतीच्या संगणकात असते.

आधी एक गल्लत दूर करू. रोजगार हमी, जलजीवन, स्वच्छ भारत, घरकुल या योजना आहेत. योजनेचा पैसा त्या त्या मंत्रालयाच्या नियमांनी आणि त्याच कामासाठी येतो. गावात ज्याला नुसते ‘पंधरावा’ म्हणतात, तो केंद्रीय वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्र आणि राज्यांतली पैशाची वाटणी सुचवणाऱ्या आयोगाचा, निधी वेगळा. त्याचा आधार संविधानात आहे. १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने पंचायती आणि नगरपालिकांना घटनात्मक स्थान मिळाले. त्याच वेळी अनुच्छेद २८० मध्ये भर पडली, ती अशी की स्थानिक संस्थांच्या उत्पन्नाला जोड देण्यासाठी राज्यांची तिजोरी कशी वाढवावी, हेही वित्त आयोगाने सुचवावे. शब्द नीट पाहा. तिजोरी राज्याची वाढवायची आहे, म्हणून पैसा कायद्याने आधी राज्याकडे जातो आणि तिथून गावाकडे येतो. केंद्राने थेट सरपंचाच्या खात्यात टाकलेली ही रक्कम नव्हे.

वित्त आयोग साधारण पाच वर्षांनी नेमला जातो. स्थानिक संस्थांना पहिल्यांदा पैसे सुचवले ते दहाव्या आयोगाने. ग्रामीण भागासाठी माणशी १०० रुपये, तेही १९७१ च्या लोकसंख्येवर. पंधराव्या आयोगाचे अध्यक्ष एन. के. सिंग होते. त्यांचा पहिला अहवाल फक्त २०२०-२१ साठी होता, दुसरा २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी. सोळावा आयोग ३१ डिसेंबर २०२३ रोजी अरविंद पनगढिया यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला. त्याचा काळ १ एप्रिल २०२६ पासूनचा. आयोग बदलला की रकमा, टक्केवाऱ्या आणि अटी बदलतात. त्यामुळे खालचे आकडे आणि अटी २०२१-२६ या काळाच्या आहेत असे समजून वाचा. पूर्ण झालेला हा काळ हिशेब समजून घ्यायला सोयीचा आहे.

वरची रक्कम

पंधराव्या आयोगाने पाच वर्षांसाठी स्थानिक संस्थांना एकूण ४,३६,३६१ कोटी रुपये सुचवले. त्यात ग्रामीण संस्थांना २,३६,८०५ कोटी, शहरी संस्थांना १,२१,०५५ कोटी आणि प्राथमिक आरोग्यासाठी ७०,०५१ कोटी होते. उरलेल्यात नवी शहरे वसवण्यासाठी ८,००० कोटी आणि नगरपालिकांच्या सामायिक सेवांसाठी ४५० कोटी. केंद्राच्या करवसुलीची टक्केवारी न देता ठोक रक्कम दिली, यात एक शहाणपण होते. कर कमी जमला म्हणून गावाची रक्कम आपोआप घटत नाही, आणि पुढच्या वर्षी साधारण किती येईल याचा अंदाज आधीच बांधता येतो.

ग्रामीण रक्कम वर्षवार अशी मांडलेली होती: २०२१-२२ ला ४४,९०१ कोटी, मग ४६,५१३, ४७,०१८, ४९,८०० आणि शेवटच्या २०२५-२६ ला ४८,५७३ कोटी. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे २०२०-२१ ला, हीच रक्कम ६०,७५० कोटी होती. महाराष्ट्राचा ग्रामीण वाटा त्यामुळे ५,८२७ कोटींवरून एका वर्षात ४,३०७ कोटींवर आला, म्हणजे चौथ्या हिश्शाहून जास्त घट. त्या वर्षी अनेक गावांत निधी कमी होण्याचे खापर सरपंचावर फुटले असेल. खरे कारण अहवालाच्या तक्त्यात होते.

राज्याराज्यांत वाटणी

राज्याचा वाटा काढताना लोकसंख्येला ९० टक्के आणि क्षेत्रफळाला १० टक्के वजन. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची. गरिबी, दुष्काळ, करवसुली, सत्तेतला पक्ष यांपैकी काहीच या सूत्रात नाही.

इथे एक बारकावा आहे. राज्याचा टक्का काढताना एकूण लोकसंख्या धरली जाते, फक्त ग्रामीण नाही. महाराष्ट्राचा टक्का सुमारे ९.५९ येतो आणि तोच टक्का ग्रामीण आणि शहरी अशा दोन्ही रकमांना लागतो. परिणाम असा की ज्या राज्यात शहरीकरण जास्त, तिथल्या खेडुताच्या वाट्याला माणशी जास्त पैसे येतात. २०२१-२२ चा हिशेब करून पाहा. महाराष्ट्राचे ४,३०७ कोटी भागिले ग्रामीण लोकसंख्या ६.१६ कोटी, म्हणजे माणशी सुमारे ७०० रुपये. उत्तर प्रदेशचे ७,२०८ कोटी भागिले साधारण साडेपंधरा कोटी, म्हणजे माणशी ४६५ च्या आसपास. आपल्या शहरांची बाजू मात्र तेवढीच लंगडी पडते, कारण शहरी रक्कम जास्त डोक्यांत वाटली जाते. मुंबई-पुण्याच्या गर्दीचा फायदा गडचिरोलीच्या ग्रामपंचायतीला होतो, असे म्हटले तर ते विचित्र वाटेल, पण गणित तेच सांगते.

राज्याच्या आत

चौदाव्या आयोगाने सगळा ग्रामीण पैसा ग्रामपंचायतींना दिला होता. जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या कोरड्या राहिल्या. पंधराव्याने तिन्ही स्तरांना परत आत घेतले आणि मर्यादा घातल्या: ग्रामपंचायतींना ७० ते ८५ टक्के, पंचायत समित्यांना १० ते २५ आणि जिल्हा परिषदांना ५ ते १५. महाराष्ट्राने ८०, १० आणि १० अशी वाटणी ठरवली. गोव्यात पंचायत समिती हा मधला स्तरच नाही, तिथे वाटणी दोघांतच होते.

एका स्तरातल्या संस्थांमध्ये वाटप करताना राज्य वित्त आयोगाच्या (राज्य सरकारने नेमलेला वेगळा आयोग) स्वीकारलेल्या शिफारशी वापरायच्या. त्या नसतील तर पुन्हा तेच ९०:१०, लोकसंख्या आणि क्षेत्रफळ.

आता एका गावाचा ढोबळ हिशेब करू. २०११ ची लोकसंख्या ३,०००, क्षेत्र १,२०० हेक्टर, वर्ष २०२१-२२. राज्याचे ४,३०७ कोटी, त्यातले ८० टक्के ग्रामपंचायतींचे, म्हणजे सुमारे ३,४४६ कोटी. त्याचे ९० टक्के लोकसंख्येवर वाटले तर माणशी ५०४ रुपये पडतात. उरलेले १० टक्के राज्याच्या सुमारे तीन कोटी हेक्टर ग्रामीण क्षेत्रावर वाटले तर हेक्टरी ११५ रुपये. गावाचे लोकसंख्येपोटी १५ लाख १२ हजार, क्षेत्रापोटी १ लाख ३८ हजार, मिळून साडेसोळा लाख. तुमच्या गावाचे दोन आकडे यात घाला. प्रत्यक्ष जमा रक्कम या हिशेबाच्या आसपास असेल तर सूत्र नीट लागले आहे. फारच कमी असेल तर एखादा हप्ता आलेला नाही, किंवा संगणकातली तुमच्या गावाची लोकसंख्या चुकली आहे. दुसरी शक्यता हसण्यावारी नेऊ नका. ग्रामपंचायतीचे विभाजन झाले किंवा वाडी वेगळी झाली की जुनी लोकसंख्या दोन्हीकडे बरोबर विभागली आहे ना, हे तपासावेच लागते.

२०११ चा आकडा हीच या सूत्राची सगळ्यात दुखरी जागा. औद्योगिक वसाहतीशेजारच्या गावात आज दुप्पट माणसे राहत असतील, कचरा आणि पाणी दुप्पट लागत असेल, तरी पैसे जुन्याच डोक्यांवर येतात. २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे.

बंधित आणि अबंधित

आलेल्या रकमेचे ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच, आणि ४० टक्के अबंधित. (२०२०-२१ मध्ये ते अर्धे-अर्धे होते.) बंधिताचे पुन्हा दोन समान भाग: ३० टक्के स्वच्छता आणि हागणदारीमुक्त दर्जा टिकवण्यासाठी, ३० टक्के पिण्याचे पाणी, पाऊसपाणी साठवण आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. वरच्या उदाहरणात स्वच्छतेला ४ लाख ९५ हजार, पाण्याला तेवढेच आणि अबंधित ६ लाख ६० हजार.

बंधितात घनकचरा, सांडपाणी, शोषखड्डे, शौचालयांची देखभाल, नळयोजनेची दुरुस्ती अशी कामे बसतात. सिमेंटचा रस्ता, सभामंडप, कमान बसत नाही. एका बाजूची गरज पूर्ण भागली असेल, समजा पाणीपुरवठा पुरेपूर झाला असेल, तर तो भाग स्वच्छतेला वळवता येतो किंवा उलट. पण ‘गरज भागली’ हे कागदावर दाखवावे लागते.

अबंधित म्हणजे वाटेल तसे नव्हे. गावाची गरज म्हणून संविधानाच्या अकराव्या अनुसूचीतल्या, म्हणजे पंचायतींच्या कामांच्या यादीतल्या, विषयांवर तो खर्च होऊ शकतो. पगार आणि आस्थापनेवर मात्र अजिबात नाही. शिपायाचा थकलेला पगार यातून भागवण्याची सूचना ग्रामसभेत कधीतरी येतेच. ती ऐकली तर पुढे लेखापरीक्षणात आक्षेप ठरलेला. पगारासाठी घरपट्टी-पाणीपट्टी वसूल करणे हाच मार्ग.

आदिवासी भागात आणखी एक घोटाळा होतो. पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा) लागू असलेल्या गावांना मिळणारा ‘पाच टक्के अबंध निधी’ राज्याच्या आदिवासी उपयोजनेतून येतो. वित्त आयोगाच्या अबंधित निधीशी त्याचा संबंध नाही. नावे सारखी, हिशेब वेगळे, आणि ग्रामसभेत दोन्ही एकत्र मोजले की रक्कम कधीच जुळत नाही.

हप्ता सुटतो तेव्हा काय काय घडते

वर्षाला दोन हप्ते, आयोगाच्या वेळापत्रकानुसार जून आणि ऑक्टोबर. ग्रामीण निधीची शिफारस पंचायती राज मंत्रालय करते, पाणी-स्वच्छतेच्या भागात जलशक्ती मंत्रालयाचा पेयजल व स्वच्छता विभाग येतो, आणि पैसे प्रत्यक्ष सोडतो तो अर्थ मंत्रालयाचा व्यय विभाग. रक्कम राज्याच्या तिजोरीत पडली की ग्रामविकास विभागाने ती दहा कामाच्या दिवसांत खाली पोचवायची. उशीर झाला तर राज्याने व्याज द्यायचे. दर म्हणजे राज्याने आदल्या वर्षी बाजारातून घेतलेल्या कर्जाचा सरासरी दर. सव्वाआठ लाखांचा हप्ता तीस दिवस उशिरा आला आणि दर सात टक्के धरला, तर व्याज सुमारे ४,७५० रुपये होते. रक्कम किरकोळ वाटेल, पण राज्यभरातल्या सुमारे अठ्ठावीस हजार ग्रामपंचायतींनी गुणा म्हणजे या अटीला दात का आहेत ते कळेल. पैसे पोचवल्याचे प्रमाणपत्र राज्याने केंद्राला पाठवल्याशिवाय पुढचा हप्ता हलत नाही.

आता पात्रता. तीन गोष्टींवर गाडी अडते.

पहिली गोष्ट हिशेबाची. २०२३-२४ पासून नियम असा झाला की ज्या संस्थेचे आदल्या वर्षाचे तात्पुरते लेखे आणि त्याच्या आधीच्या वर्षाचे लेखापरीक्षित लेखे ऑनलाइन सर्वांना दिसतात, तिलाच पैसे. त्याआधीची दोन वर्षे राज्यातल्या किमान २५ टक्के संस्थांनी एवढे केले तरी भागत होते. म्हणजे शेजारच्या गावाने काम केले की आपलेही निभावत होते. ते दिवस गेले. २०२४-२५ चा पैसा हवा असेल तर २०२३-२४ चे तात्पुरते आणि २०२२-२३ चे तपासलेले लेखे लागतात. यासाठी ईग्रामस्वराज या पंचायतींच्या ऑनलाइन हिशेब-प्रणालीत रोजकीर्द, महिना आणि वर्ष ‘बंद’ करावे लागते, आणि लेखापरीक्षण ‘ऑडिट ऑनलाइन’वर चढवावे लागते. मार्चमधली एक नोंद अर्धवट राहिली की वर्ष बंद होत नाही, वर्ष बंद नाही म्हणून तात्पुरते लेखे नाहीत, आणि तात्पुरते लेखे नाहीत म्हणून हप्ता नाही. अशा एका नोंदीमुळे सगळे गाव थांबते आणि ती नोंद कोणती हे सांगणारा माणूस बदली होऊन गेलेला असतो.

दुसरी गोष्ट निवडणुकीची. अनुच्छेद २४३ई नुसार मुदत पाच वर्षे, आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक व्हायला हवी. लोकनियुक्त मंडळ नसेल तर त्या संस्थेचा वाटा अडतो. महाराष्ट्राने याची झळ सोसली. इतर मागासवर्गीय आरक्षणाच्या वादामुळे २०२२ पासून बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांवर प्रशासक होते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगितले. दरम्यान या दोन स्तरांच्या वीस टक्क्यांना खीळ बसली. ज्या ग्रामपंचायतींची मुदत संपून प्रशासक आला, त्यांनाही तेच. प्रशासक काम चांगले करतो की वाईट, हा प्रश्नच इथे गैरलागू आहे.

तिसरी गोष्ट गावाच्या हातातली नाहीच. राज्याने राज्य वित्त आयोग नेमावा, त्याच्या शिफारशींवर काय केले याचा खुलासा मार्च २०२४ पर्यंत विधिमंडळापुढे ठेवावा, नाहीतर पुढे निधी नाही, अशी अट आयोगाने घातली होती. राज्याच्या चुकीची शिक्षा गावाला देणारी ही अट आम्हाला पटत नाही. पण तिच्याशिवाय अनेक राज्ये राज्य वित्त आयोग नेमायला सांगणाऱ्या अनुच्छेद २४३आय कडे काणाडोळा करत राहिली असती, हेही तितकेच खरे.

शहरांचे थोडक्यात

शहरी रकमेत दहा लाखांवरच्या नागरी समूहांसाठी ३८,१९६ कोटी आणि बाकी शहरांसाठी ८२,८५९ कोटी अशी फोड आहे. मोठ्या शहरांना पैसा कामगिरीवर मिळतो: एक तृतीयांश हवा सुधारण्यासाठी, दोन तृतीयांश पाणी, स्वच्छता आणि कचऱ्यासाठी. लेख्यांची अट इथेही आहेच. त्यावर मालमत्ता कराची भर: राज्याने कराचा किमान दर जाहीर करायचा आणि करवसुलीची वाढ राज्याच्या सकल उत्पन्नाच्या पाच वर्षांच्या सरासरी वाढीच्या बरोबरीने दाखवायची. निवडणुकीच्या तोंडावर घरपट्टी माफीची घोषणा करणाऱ्या नगरपालिकेला ही अट नंतर भोवते. आणि एखादी ग्रामपंचायत नगरपंचायत झाली की ती ग्रामीण यादीतून उठते. शहरी यादीत नाव, लेखे आणि खाते नव्याने बसेपर्यंत मधे पोकळी राहते, तिची तयारी आधीच करावी.

पैसे आले, पण खर्च होईना

खात्यात रक्कम आहे आणि काम होत नाही, असे असेल तर आधी आराखडा पाहा. ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखड्यात जे काम नाही, त्याचे देयक प्रणाली काढतच नाही. आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरच्या आसपास सुरू होते. त्या ग्रामसभेला कोरम नसतो आणि मार्चमध्ये मात्र कामांवरून भांडण होते, हा नेहमीचा अनुभव. काम बदलायचे तर ग्रामसभेचा ठराव आणि पुरवणी आराखडा लागतो.

मग कामाची नोंद कोणत्या शीर्षाखाली झाली आहे ते पाहा. पाण्याच्या टाकीचे काम चुकून अबंधितात टाकले तर बंधितातले पैसे पडून राहतात आणि अबंधित संपतात. त्यानंतर तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका. शाखा अभियंत्याची सही नसेल तर देयक तयारच होत नाही.

शेवटचा अडथळा सहीचा. देयक ग्रामपंचायत अधिकारी तयार करतात, सरपंच मंजूर करतात, दोघांचीही डिजिटल सही लागते. सरपंच बदलले, सहीची मुदत संपली, किंवा पुरवठादाराचे खाते प्रणालीत चुकीचे नोंदले, की पैसे असून सुटत नाहीत. नवीन सरपंचांनी पहिल्या आठवड्यात सहीचा अर्ज द्यावा. सत्कार नंतर झाले तरी चालतात.

तपासणी घरबसल्या होते. ईग्रामस्वराज संकेतस्थळावर किंवा ‘मेरी पंचायत’ ॲपवर राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत आणि वर्ष निवडा. मंजूर आराखडा, जमा आणि खर्च तिथे दिसतो. आधी जमा पाहा: दोन हप्ते दिसतात का, बंधित आणि अबंधित त्या वर्षाच्या प्रमाणात (२०२१-२६ मध्ये साठ-चाळीस) आहेत का. मग खर्चातली कामे आराखड्यातल्या कामांशी जुळवा. जमा शून्य असेल तर गटविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात एवढाच प्रश्न विचारा: आमचे कोणत्या वर्षाचे लेखे ऑनलाइन नाहीत? ‘वरून आले नाही’ असे उत्तर मिळाले, तर शेजारच्या दोन ग्रामपंचायतींची जमा उघडून दाखवा. त्यांच्याकडे हप्ता पडलेला असेल तर वरून आलेले आहे.